अळणी, सपक आणि ‘बोअरिंग’

चैत्र आणि आश्विन महिन्यांत, शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत, जालन्यातील अनेक जैन घरांत आयंबिलाची ओळी चालते. नऊ दिवस, दिवसातून एकदाच, एकाच बैठकीत भोजन. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ या सहाही विगयींचा त्याग; फळ नाही, हिरवी भाजी नाही, कित्येक घरांत मीठही नाही. आजीच्या ताटातील उकडलेले मूग आणि कोरडी भाकरी पाहून इंग्रजी माध्यमात शिकणारी नात सहज म्हणून जाते, “बोअरिंग!”

या पिढीच्या जिभेवर हा एकच शब्द रुळला आहे. लांबलेला प्रवास, रविवारची दुपार, गणिताचा तास आणि मुगाचे वरण, सर्वांना तोच लागू! आजीचे शब्दभांडार मात्र संपन्न असते. मीठ नसलेले ते मारवाडीत ‘अलूणो’, मराठीत ‘अळणी’. मसाला असूनही चव न उतरलेले ते सपक. पाणी अधिक झालेले ताक पाणचट. अनुभवांनाही हेच शब्द शोभतात: विनोद पाणचट, भाषण मिळमिळीत, चित्रपट रटाळ. प्रत्येक शब्द नेमकी उणीव दाखवितो.

इंग्रजीही याबाबत दरिद्री नाही. ‘प्लेन’ म्हणजे साधे. त्यात निंदा नाही. ‘ब्लँड’चे लॅटिन मूळ सौम्यता सुचविते; म्हणूनच पोट बिघडल्यावर ‘ब्लँड डाएट’ सांगितला जातो. विनोदाला ‘टेस्टलेस’ म्हटले, तर तो नीरस नव्हे, अभिरुचिहीन ठरतो. ‘जेजून’ म्हणजे नीरस, सत्त्वहीन. पण त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ आहे ‘उपाशी’. तेथे उपवासातून रितेपणाचा अर्थ निघाला. जैन शास्त्राने मात्र रसपरित्यागाला सहा बाह्य तपांत स्थान दिले.

भेद येथेच आहे. ‘अळणी’ हा शब्द अन्नाविषयी बोलतो, ‘बोअरिंग’ हा खाणाऱ्याच्या मनाविषयी. आयंबिल या दोहोंना वेगळे करण्याचाच अभ्यास आहे: जिभेला रस मिळू नये, तरीही मन विटू नये. एकच शब्द वापरणाऱ्या मुलांना हा फरक जाणवणार तरी कसा?

पुढील ओळीत नातीला रागावू नये. तिला ताटाशेजारी बसवावे, मुगाचा एक घास द्यावा आणि विचारावे, “बाळा, यात नेमके काय नाही? मीठ नाही, तूप नाही, की आपले मन नाही?”