दिलेला बाक आणि आलेला बाक : 'कॅम्बर' या संज्ञेविषयी

झाशी येथील मुक्कामात मालडब्यांच्या दुरुस्तीविषयीच्या एका पुस्तिकेचा मराठी अनुवाद तपासण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. त्यात थोड्या अंतराने दोन विधाने आढळली. स्प्रिंगची वक्रता कमी झाली असल्यास ती बाद करावी, असे एके ठिकाणी होते. आसाला वक्रता आढळल्यास तो बाद करावा, असे दुसऱ्या ठिकाणी. म्हणजे एक वस्तू वक्रता गेल्याने बिघडते, दुसरी ती आल्याने. मूळ इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'कॅम्बर' हा शब्द होता, दुसऱ्या ठिकाणी नुसता वाकल्याचा उल्लेख. अनुवादकाने दोहोंना एकाच संस्कृत शब्दाखाली आणले, आणि कारागिराला जो भेद सर्वप्रथम कळावयास हवा तोच पुसला गेला. कॅम्बर म्हणजे हेतुपूर्वक, आगाऊ आणि मोजून दिलेला बाक.

झाशीला हा विषय परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंडियन मिडलंड रेल्वेने येथे आपले ठाणे वसविले, आणि मालडब्यांच्या दुरुस्तीचा येथील कारखाना आजही चालू आहे. जुन्या चारचाकी मालडब्याच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असत. मराठी मुलखातील ट्रकचालक ज्यांना 'पाटे' म्हणतात आणि हिंदी कारागीर 'कमानी', त्याच या. लांबीने उतरत गेलेल्या पट्ट्या तापवून वाकवितात, विझवितात, पुन्हा बेताने तापवितात आणि एकावर एक रचून मध्यभागी आवळतात. दोन टोके जोडणारी रेषा कल्पिली, तर तिच्यापासून मधल्या भागाचे जे अंतर, तो त्या स्प्रिंगचा कॅम्बर. माल भरला की तो कमी होतो, उतरला की पूर्ववत होतो. तपासणीत स्प्रिंग यंत्राखाली दाबून सोडतात; हे अंतर मूळ मापाला परतले नाही, तर कमानी 'बैठ गई' असे म्हणावयाचे. मराठीतही पाटे 'बसतात'. आता बहुतेक मालडब्यांखाली वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या आहेत. बोली मात्र टिकून आहे.

पुलाच्या लोखंडी कैचीत हेच तत्त्व अधिक सूक्ष्मपणे योजलेले असते. भार आला म्हणजे कैची मध्यभागी झोल घेणार, हे गणिताने आधीच ठाऊक असते. म्हणून वरचे दांडे हिशेबापेक्षा किंचित लांब आणि खालचे किंचित आखूड घडवितात. जोडलेली कैची रिकामी असताना वर उचललेली असते आणि भाराखाली सरळ होते. किंचित वाकडी तुळई बसविताना तिचा बाक वर ठेवणारा सुतार गणित न मांडता हेच करतो. कॅम्बर हा एका अर्थी उलटा आणि आगाऊ दिलेला झोलच आहे.

रस्त्याची गोष्ट निराळी. तेथील उंचवटा भाराखाली नाहीसा व्हावयाचा नसतो. पाणी दोन्ही कडांना जावे एवढाच त्याचा हेतू. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्याला पाऊस कमी असलेल्या प्रदेशात ६० स १ आणि जास्त असलेल्या प्रदेशात ५० स १ असा ढाळ भारतीय मानकांत सांगितला आहे. मातीच्या रस्त्याला तोच ३३ स १ व २५ स १ होतो. सात मीटर रुंदीच्या रस्त्याला ५० स १ ढाळ दिला, तर मध्य कडेपेक्षा सात सेंटिमीटर उंच येतो. इंग्लंडमध्ये मॅकॅडमने तीस फूट रस्त्याला तीन इंच उठाव पुरेसा मानला होता. हिशेब केल्यास तोही ६० स १ च भरतो.

या उठावाला संस्कृतात एक देखणा शब्द आहे : कूर्मपृष्ठ. मार्गाची भूमी कासवाच्या पाठीसारखी असावी आणि पाणी जाण्यासाठी दोन्ही बाजूंना चर असावेत, असे 'शुक्रनीती'त सांगितले आहे. प्राचीन प्रतिशब्द सापडला म्हणून आनंद मानण्यापूर्वी थोडे थांबावयास हवे. शुक्रनीतीचा काळ वादग्रस्त आहे. काही अभ्यासक तिची रचना एकोणिसाव्या शतकापर्यंत खाली आणतात. तसे असेल, तर हे कासव मॅकॅडमच्या सडकेवरूनच संस्कृतात चढले असण्याचा संभव आहे, आणि आपण ज्याला मूळ समजतो तोच अनुवाद ठरतो. निर्णय काहीही होवो, शब्द वापरण्याजोगा आहे. परंतु तो रस्त्यापुरता.

विमानाच्या पंखाला किंवा मोटारीच्या चाकाला तो चालणार नाही. पंखाच्या छेदात मध्यरेषा वर झुकलेली असते आणि त्यामुळे उचल वाढते. असे वक्र छेद हॉरेशिओ फिलिप्सने १८८४ मध्ये पेटंट केले. चाकाच्या बाबतीत तर बाकच उरत नाही. उभ्या रेषेपासून चाक आत वा बाहेर किती कलले आहे, त्यालाही कॅम्बर म्हणतात.

शब्दाचे कूळ पाहिले, तर तो जुन्या फ्रेंचमधून लॅटिन 'कामुर', म्हणजे आत वळलेला, येथपर्यंत जातो. इंग्रजीत सतराव्या शतकात तो जहाजाच्या मध्यभागी उंचावलेल्या तक्तपोशीसाठी रूढ झाला. घुमटाकार छताचा वाचक असलेला ग्रीक 'कामारा' त्याचा आप्त मानतात, आणि त्याच शाखेतून पोर्तुगीजमार्फत आपला 'कमरा' आला. फारसी 'कमान' मात्र या कुळात ओढण्याचा मोह आवरावा. तेथे हाती ध्वनिसाम्याखेरीज काही लागत नाही.

आता 'वक्रता'. कुंतकाने 'वक्रोक्तिजीविता'त तिला काव्याचे मर्म मानले ते ती कविव्यापारातून येते म्हणून. तिच्यामागे कर्ता आहे. परिभाषेत आलेली वक्रता मात्र कर्त्यावाचून येते आणि गुण की दोष हे सांगत नाही. मराठीने हा भेद नामात न ठेवता क्रियापदात ठेवला आहे. बाक 'देतात', 'ठेवतात', बाक 'येतो', झोल 'पडतो', ढाळ 'काढतात', पाटे 'बसतात'. एका नामाच्या शोधात असलेल्या कोशकाराला हे दिसत नाही, कारण कोशाचा तक्ताच नामांसाठी आखलेला असतो.

त्या पुस्तिकेत 'कॅम्बर' हा शब्द मापांच्या तक्त्यात आम्ही तसाच राहू दिला. सूचनांत दुरुस्ती केली : पाटे बसले असल्यास बाद करावेत, आसाला बाक आला असल्यास तो बाद करावा.