गाडी मिसिंग करतेय? खर्चाआधी प्लगचा रंग पाहा

पडेगाव : छत्रपती संभाजीनगरहून पडेगावमार्गे वेरूळला जाताना दौलताबादचा घाट लागतो. अशा चढावर दुचाकी मिसिंग करू लागली, पिकअप गेला, तर इंजिन खोलण्याआधी स्पार्क प्लग काढून पाहावा. इंजिनच्या आत काय चालले आहे, ते त्याच्या टोकावर दिसते.

रंग काय सांगतो?

• फिकट तपकिरी, राखाडी : पेट्रोल नीट जळते. बिघाड दुसरीकडे शोधावा.

• काळी, कोरडी काजळी : पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर तुंबला का, चोक ओढलेला राहिला का, ते पाहावे.

• काळा, तेलकट (फोर-स्ट्रोक) : ऑइल सिलिंडरमध्ये येते. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजल्याची शक्यता.

• पांढराफटक, फोड आलेला : इंजिन जास्त तापते. पेट्रोल कमी पडते किंवा प्लग चुकीच्या प्रकारचा आहे. दुर्लक्ष केल्यास पिस्टन जळू शकतो.

नवा प्लग पुरेसा आहे का?

तेलकट प्लग बदलला की गाडी काही दिवस चालते. दुखणे मात्र तसेच राहते. उलट, नुसत्या काजळीसाठी इंजिनकाम काढू नये. आधी फिल्टर साफ करावा. एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत मिश्रण ईसीयू ठरवतो. तेथे स्क्रू फिरवून भागत नाही, स्कॅनरने तपासावे लागते.

लक्षात ठेवा : प्लग इंजिन थंड झाल्यावरच काढावा आणि बसवताना आधी हाताने फिरवावा, आटे खराब होत नाहीत.