आधी भाव, मग वेळ
नांद्यासारख्या गावात बसून मोबाइलवर शेअर घेतला, तर विकणारा शोधून देतो तो संगणक. टोरांटोच्या बाजारात हे १९७७ साली सुरू झालं. मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४मध्ये शेअरांसाठी आणलं. दलाल स्ट्रीटवरच्या मुंबई शेअर बाजारात तोवर आरडाओरडा नि हातवारे चालत. मार्च १९९५मध्ये तिथेही ‘बोल्ट’ ही संगणक प्रणाली आली.

समजा, एक जण १०१ला विकतोय, दुसरा १००ला. खरेदीदाराची १०१ची तयारी असली तरी १००वाल्याचा माल आधी जातो, तोही शंभरालाच. भाव सारखाच असेल, तर ज्याची ऑर्डर आधी नोंदली तो पुढे. समोर कोण आहे, ते कळतच नाही. वेगापेक्षा हा बदल मला मोठा वाटतो; दलालांची ओळखपाळख इथे चालेना. शिवाय उपग्रहाच्या तबकड्यांमुळे मुंबईबाहेरचे दलालही त्याच रांगेत आले.