व्हॅलजू ७७५० : एका मशीनची पन्नास वर्षं

मुंबई-हावडा मार्गावर दरेकसा स्थानकाच्या आसपास गाडीत बसलेल्या माणसाला गाडीचा वेग काढायचा असेल, तर स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, म्हणजे क्रोनोग्राफ, पुरेसं आहे. रुळांशेजारचा किलोमीटरचा खांब मागे पडला की बटण दाबायचं आणि पुढचा आला की पुन्हा दाबायचं. मध्ये ३६ सेकंद गेले असतील तर वेग ताशी १०० किलोमीटर, ४५ गेले असतील तर ८०. तबकडीच्या कडेची टॅकिमीटर पट्टी ३६०० भागिले सेकंद एवढं गणित आयतं देते. साध्या घड्याळाला हे जमत नाही. त्यासाठी चालत्या घड्याळाला धक्का न लावता दुसरा काटा सुरू करणारी, थांबवणारी आणि शून्यावर आणणारी वेगळी यंत्रणा लागते.

ही यंत्रणा मनगटाच्या हालचालीवर आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळात बसवणं फार अवघड होतं. १९६९ मध्ये ते तीन ठिकाणी साधलं. जानेवारीत झेनिथने ‘एल प्रिमेरो’ जाहीर केलं. मार्चमध्ये ब्राइटलिंग, हॉयर, हॅमिल्टन-ब्यूरेन आणि द्युबुआ-देप्रा यांचं ‘क्रोनोमॅटिक’ आलं. त्याच वर्षी जपानमध्ये सेइकोचं ६१३९ बाजारात उतरलं. स्वित्झर्लंडच्या व्हॅली द जू खोऱ्यातली व्हॅलजू ही क्रोनोग्राफची जुनी, नावाजलेली कंपनी. तिच्याकडे मात्र ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ नव्हता.

ती उणीव भरून काढण्याचं काम १९७० मध्ये एडमंड कॅप्ट या तरुण अभियंत्याकडे आलं. त्यांनी चावीच्या ७७३३ या मशीनचा पाया घेतला आणि १९७४ मध्ये ७७५० तयार झालं. व्यास ३० मिलिमीटर, जाडी ७.९ मिलिमीटर, तासाला २८,८०० ठोके.

कॅप्ट यांचं मोठेपण या आकड्यांपेक्षा त्यांनी केलेल्या निवडीत आहे. उंची क्रोनोग्राफमध्ये बटणाचा हुकूम ‘कॉलम व्हील’ नावाचं छोट्या खांबांचं चाक पोहोचवतं. ते घडवायला वेळ लागतो आणि बसवायला कसबी हात लागतो. कॅप्ट यांनी त्याऐवजी पत्र्यातून ठोकून काढता येणारा कॅम घेतला. मूळ घड्याळ आणि क्रोनोग्राफ यांना जोडायला त्यांनी झुलणारा पिनियन वापरला. ही एडुआर्ड हॉयर यांची १८८७ ची कल्पना. मनगटाबरोबर हलणारा रोटर एकाच दिशेने फिरताना चावी भरतो आणि उलट दिशेने मोकळा सुटतो. त्यामुळे ७७५० घालणाऱ्याच्या मनगटाला अधूनमधून एक थरथर जाणवते.

मशीन बाजारात आलं आणि पाठोपाठ बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांची लाट आली. १९७५ मध्ये उत्पादन थांबवण्यात आलं. हत्यारं आणि साचे मोडीत काढण्याचा आदेश निघाला, पण कॅप्ट यांनी तो मानला नाही, असं त्यांच्या कामाच्या इतिहासात सांगितलं जातं. आपल्याकडे तेव्हा वेगळंच चित्र होतं. एचएमटीच्या चावीच्या घड्याळांना मोठी मागणी होती आणि टायटनचा जन्म व्हायला अजून बरीच वर्षं होती. १८६५ पासून भारताशी व्यवहार असलेली आणि मुंबईत पाय रोवलेली फाव्र-ल्यूबा ही स्विस कंपनी इथल्या घराघरांत ओळखीची होती. पण क्वार्ट्झच्या तडाख्यात तीही मूळ कुटुंबाच्या हातून गेली. २०११ मध्ये हे नाव टायटनने विकत घेतलं.

ऐंशीच्या दशकात मेकॅनिकल घड्याळांची ओढ परतली, तेव्हा ७७५० पुन्हा सुरू करणं शक्य होतं, कारण त्याची साधनं शाबूत होती. १९८४ मध्ये ब्राइटलिंगच्या क्रोनोमॅटमध्ये ते बसलं. १९८५ मध्ये आयडब्ल्यूसीच्या कुर्ट क्लाउस यांनी त्यावर ‘दा विंची’चं शाश्वत कॅलेंडर चढवलं. १९९२ मध्ये रिचर्ड हाब्रिंग यांनी त्याच कॅमच्या पायावर दोन सेकंदकाट्यांचा क्रोनोग्राफ उभा केला. जे मशीन कारखान्यात झटपट जुळवण्यासाठी आखलं होतं, त्याने घड्याळकलेतली अत्यंत अवघड कामं अंगावर पेलली.

कुटुंबही वाढत गेलं. ७७५१ मध्ये चंद्रकला आणि पूर्ण कॅलेंडर आलं. ७७५३ मध्ये लहान तबकड्या ३, ६ आणि ९ वर गेल्या. ७७५४ दुसऱ्या देशाची वेळ दाखवू लागलं. मोठ्या घड्याळांसाठी ३६.६ मिलिमीटरचं व्हॅलग्रांज निघालं. व्हॅलजू ज्याच्या छत्राखाली आली, त्या स्वॉच समूहाने बाहेरच्यांना मशीनं देणं आवरतं घ्यायचं ठरवलं, तेव्हा सेलिटाने त्याच रचनेवर एसडब्ल्यू ५०० बनवलं. हॅमिल्टनच्या एच-२१ मध्ये एका चावीवर चालण्याची मुदत ६० तासांवर गेली.

या कुटुंबाचं स्केलेटन रूप मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. स्केलेटन करताना पाट्या आणि पूल कोरून अनावश्यक धातू काढतात. आज कापणी बहुधा यंत्रं करतात, कडा मात्र चांगल्या कामात हातानेच घासतात. ज्वेलची जागा, स्क्रूची बैठक, दोन आसांमधलं नेमकं अंतर यांना हात लावता येत नाही. जास्त कोरलं तर पाटी वाकते आणि दातेरी चाकं अडतात. क्रोनोग्राफमध्ये तर थरावर थर असतात. ७७५० चा तास मोजणारा भाग तबकडीच्या बाजूला असतो, कॅम आणि हातोडी मागच्या बाजूला. वरून रोटर अर्धं दृश्य झाकतो, म्हणून तोही कोरावा लागतो.

एवढं उघडं केल्यावर लपवायला काही उरत नाही. बटण दाबलं की हातोडी हृदयाच्या आकाराच्या कॅमवर पडते आणि काटा जिथे असेल तिथून थेट शून्यावर येतो. कॉलम व्हीलऐवजी घेतलेल्या ज्या कॅमला कमी खर्चाचा म्हणून दुय्यम लेखलं गेलं, त्याची चोख हालचाल काचेतून दिसते आणि मन भरून येतं.

मेकॅनिकल मशीनं आता आपल्या देशातही पुन्हा घडू लागली आहेत. ती घडवणाऱ्यांनी कॅप्ट यांच्या कामाकडे जरूर पाहावं. सहज घडवता येईल, एकमेकांचे भाग चालतील आणि गावोगावच्या घड्याळजीला खोलून दुरुस्त करता येईल, असं मशीन आखणं हे उच्च दर्जाचंच काम आहे. पन्नास वर्षं टिकलेली रचना त्याचा पुरावा आहे.