देवगिरीच्या आकाशातले स्फोट
ऑगस्ट ११८१. देवगिरी यादवांची राजधानी होण्याच्या थोडे आधी शर्मिष्ठा तारकासमूहात अतिनवतारा उजळला. चीन-जपानच्या नोंदींनुसार तो १८५ दिवस दिसत होता. आपल्याकडे सुरुवातीला तरी श्रावण-भाद्रपदाचे ढग आडवे आले असतील!

नवताऱ्याचा स्फोट वेगळा. श्वेत बटू तारा शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढतो, साचलेला हायड्रोजन भडकतो, बटू मात्र शाबूत राहतो. म्हणूनच भुजंगधारी तारकासमूहातला ‘आरएस’ हा नवतारा १९८५, २००६ आणि २०२१ मध्ये पुन्हा पुन्हा उजळला. २००६ मध्ये नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने त्याच्या १.४ गिगाहर्ट्झखालच्या रेडिओलहरी प्रथमच टिपल्या. रेडिओ दुर्बिणीला ढगांचे सोयरसुतक नसते.

असाच पुन्हा उजळून १८६६ आणि १९४६ मध्ये नुसत्या डोळ्यांना दिसलेला उत्तर मुकुट तारकासमूहातला ‘टी’ हा नवतारा देवगिरीहून, म्हणजे आजच्या दौलताबादहून, जवळजवळ डोक्यावरून जातो. एरवी तो पाहायला दुर्बीणच हवी.