रीड कोरडी ठेवायची की ओली?

रीड म्हटलं की आपल्याकडे आधी पेटी आठवते. पेटीतली रीड पितळेची, ती पावसाळ्यात फुगत नाही. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन किंवा ओबोची रीड मात्र अरुंडो डोनॅक्स नावाच्या उंच, बांबूसारख्या दिसणाऱ्या गवताची असते. दक्षिण फ्रान्समधला व्हार प्रांत त्यासाठी नावाजलेला आहे. हे गवत कापलं, वाळवलं, तासलं, तरी हवेतलं पाणी घेण्याचा आणि सोडण्याचा त्याचा धर्म सुटत नाही. मग ही रीड ठेवावी कशी?

पुष्कळजण म्हणतात, 'कोरडी ठेवा.' आम्ही विचारतो, कोरडी म्हणजे किती? अ‍ॅरिस्टॉटलने ओलं आणि कोरडं हे मूलभूत गुण मानले. रीडच्या बाबतीत मात्र हा गुण एकटीचा नाही, भोवतालच्या हवेशी असलेलं ते नातं आहे. म्हणूनच 'सापेक्ष आर्द्रता' हा शब्द महत्त्वाचा. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्ष आहे, ते ही संख्या सांगते. मुंबईच्या पावसाळ्यात ती ८० च्या वर जाते. विदर्भात उन्हाळ्याच्या दुपारी २० च्या आसपास उतरते. रीड तीच, पण तिच्यातलं पाणी वेगळं.

आता बिघाड कुठे होतो ते पाहू. ओलाव्याने काडी लांबीत फारशी वाढत नाही, रुंदीत फुगते. टोक कागदासारखं पातळ, ते लगेच भिजतं. बूड जाड, ते मागे राहतं. टोकाला पसरायला जागा नसते, म्हणून त्यावर लाटा उठतात. वाजवणारा म्हणतो, 'रीड गेली!' आणि फेकून देतो. खरं तर ती गेलेली नसते, असमान भिजलेली असते.

म्हणून वाजवून झाल्यावर रीड पुसावी, काचेसारख्या सपाट पृष्ठावर ठेवावी आणि घट्ट झाकणाच्या डबीत साधारण ५० ते ६५ टक्के आर्द्रता राखावी. ओली रीड तशीच कोंडली तर बुरशी धरते, आणि ही वस्तू आपण तोंडात घालतो, हे विसरू नये. उलट, सिलिका जेलची पुडी टाकून दिली तर ती हवा फार सुकवते. आर्द्रता कमी झाली तर ओलावा देणाऱ्या आणि वाढली तर शोषणाऱ्या, अशा दुहेरी पुड्या मिळतात. त्या बऱ्या.

डबीतला आर्द्रतामापक खरा बोलतो का, हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते ओलसर होईल इतपतच पाणी घाला आणि मापकाबरोबर बंद डब्यात रात्रभर ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७० दाखवत असेल तर तो ५ ने कमी सांगतो, एवढं ध्यानात ठेवावं.

तेव्हा मूळ प्रश्नच थोडा बदलू या. ओली की कोरडी, यापेक्षा आज आणि उद्या सारखी राहते का, हे विचारावं. तीन-चार रीड आळीपाळीने वाजवाव्यात, म्हणजे प्रत्येकीला सावकाश सुकायला उसंत मिळते. सूर हवेवर अवलंबून आहे हे आपण मान्यच करतो. ती हवा डबीतलीही असते, इतकंच आमचं म्हणणं.