बझरचे डेसिबल आणि शिवारातले अंतर : पाच दशकांचा मागोवा

विजेच्या अल्पशा प्रवाहावर एकसुरी आवाज काढून काहीतरी घडल्याची वर्दी देणारा लहान घटक म्हणजे बझर. टाकी भरली, दार उघडले, गेलेली वीज परत आली, एवढे सांगण्यासाठी हौशी मंडळी त्याचा उपयोग करतात. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या तुकईथडसारख्या गावी मात्र शेतीपंपांना तीन फेजची वीज ठरावीक तासांपुरतीच मिळते आणि विहीर घरापासून दूर शिवारात असते. त्यामुळे बझर किती मोठ्याने वाजतो हा प्रश्न तिथे केवळ छंदाचा राहत नाही, त्या रात्री पिकाला पाणी मिळणार की नाही हे त्यावर ठरते. गेल्या पाच दशकांत या घटकाची रचना पार बदलली, किंमत उतरली आणि आकार नाण्याएवढा झाला, परंतु दोन बझरांपैकी मोठा कोणता हे ठरवण्याची रीत फारशी सुधारली नाही; वेष्टनावर छापलेला डेसिबलचा आकडा पाहायचा आणि त्यावर विसंबायचे, हीच सवय टिकून राहिली.

तुकईथडचे नाव बाहेरच्या लोकांना परिचित झाले ते मुख्यतः अकोला–खंडवा या मीटरगेज रेल्वेमार्गामुळे. मेळघाटच्या जंगलातून, धूळघाटचा प्रसिद्ध सर्पिल वळसा घेत जाणाऱ्या त्या जुन्या मार्गावरील ते एक स्थानक होते. भारतातील एकेरी मार्गांवर शेजारच्या दोन स्थानकांमधली गाडीविषयीची देवाणघेवाण टोकन यंत्राला जोडलेल्या घंटेच्या ठरावीक ठोक्यांनी होत असे, आणि दोन बाजूंच्या यंत्रांच्या घंटा वेगवेगळ्या स्वराच्या ठेवण्याची पद्धत रेल्वेत जुनी आहे, जेणेकरून मास्तरला मान वर न करताही ठोका कोणत्या दिशेचा आहे हे कळावे. संकेत ऐकू येणे आणि तो ओळखू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रेल्वेच्या अभियंत्यांनी बझरच्या कारखानदारांच्या कितीतरी आधी जाणले होते.

हौशी इलेक्ट्रॉनिक्सचा भारतातील बहर साधारणपणे १९७० नंतरचा. दिल्लीहून १९६९ पासून निघणारे ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक, मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील बुधवार पेठेची तपकीर गल्ली ही त्या छंदाची ओळखीची ठिकाणे. त्या काळचा बझर यांत्रिक होता: विद्युतचुंबक लोखंडी पट्टी ओढून घेई, पट्टी हलताच मंडल तुटे, ती मागे येई आणि मंडल पुन्हा जुळे. त्याचा आवाज खरखरीत असे, तुटत्या-जुळत्या संपर्कावर ठिणग्या पडत आणि शेजारच्या रेडिओत खरखर उमटे. तरीही त्याच्या आवाजात एका सुराऐवजी अनेक सूर मिसळलेले असत, आणि हा गुण पुढच्या पिढ्यांनी गमावला. हान्स कॅमेंझिंड यांनी आखलेला ‘५५५’ हा टायमर १९७२ च्या सुमारास बाजारात आला, तेव्हापासून हव्या त्या वारंवारतेची, म्हणजे दर सेकंदाला हव्या तितक्या कंपनांची, लहर काही रुपयांत निर्माण करता येऊ लागली. एसएल १०० हा ट्रान्झिस्टर आणि जुन्या रेडिओतून काढलेला स्पीकर जोडला की अलार्म तयार होई. यूएम ६६ या तीन पायांच्या चिपने दारावरच्या घंटांना गाणी शिकवली, त्यांविषयी अधिक काही सांगण्यासारखे नाही.

खरा बदल दाबविद्युत बझरने घडवला. काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज निर्माण होते, हे पिअर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. उलट बाजूने, वीज दिली असता असा पदार्थ किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. १९५० च्या दशकात शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या संयुगाची मृत्तिका या कामी विशेष प्रभावी ठरली, आणि तिचा पातळ थर पितळी चकतीवर चिकटवून बनवलेली तबकडी पुढे हातातल्या डिजिटल घड्याळांपासून धुराच्या अलार्मपर्यंत सर्वत्र पोहोचली. या तबकडीला प्रवाह नाममात्र लागतो, झिजणारा संपर्क तिच्यात नसतो आणि ती वर्षानुवर्षे टिकते. तिची अडचण एवढीच की ती एका विशिष्ट वारंवारतेलाच मनापासून दाद देते. प्रत्येक वस्तूची स्वतःची नैसर्गिक कंपनगती असते आणि बाहेरचा रेटा त्या गतीशी जुळला की कंपने मोठी होतात. या घटनेला संस्पंदन म्हणतात. दाबविद्युत बझरमध्ये तबकडीचे आणि तिच्यावरच्या छिद्र असलेल्या पोकळीचे संस्पंदन जुळवलेले असते, बहुधा दोन ते चार हजार हर्ट्झच्या दरम्यान. चालना देणारी लहर यापासून काहीशे हर्ट्झ जरी ढळली तरी आवाज दहा डेसिबल वा त्याहूनही अधिक उतरू शकतो. नुसती तबकडी तारांना लोंबकळत ठेवून वाजवली आणि तीच डबीत नीट बसवून वाजवली, तर दोन निराळे घटक वाजत असल्यासारखे वाटते. म्हणून सुट्या तबकडीची तयार बझरशी केलेली तुलना निरर्थक ठरते.

इथे डेसिबलविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक गैरसमजांचे मूळ तिथे आहे. डेसिबल हे गुणोत्तराचे माप आहे: उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत पातळी सहा डेसिबलने उतरते आणि अंतर दसपट झाले की वीस डेसिबलने. बारा मिलिमीटर व्यासाच्या, पाच व्होल्टवर चालणाऱ्या सर्वसाधारण चुंबकीय, म्हणजे दाबविद्युत तबकडीऐवजी विद्युतचुंबकावर चालणाऱ्या, बझरवर ८५ डेसिबल असे लिहिलेले असते, परंतु ते माप दहा सेंटिमीटरवरचे असते. एक मीटरवर त्याचे ६५ डेसिबल होतात, दहा मीटरवर ४५ आणि शंभर मीटरवर केवळ २५, म्हणजे शांत रात्रीच्या पार्श्वभूमीतही तो हरवून जातो. एका उत्पादकाने दहा सेंटिमीटरवर मोजायचे, दुसऱ्याने तीसवर आणि तिसऱ्याने एका मीटरवर, अशी या धंद्याची रीत असल्यामुळे ८५, ८० आणि ७५ हे तीन आकडे प्रत्यक्षात उलट्या क्रमाचे निघू शकतात: एका मीटरवर आणून पाहिले तर ते अनुक्रमे ६५, सुमारे ७० आणि ७५ होतात. अंतर न लिहिता छापलेला डेसिबलचा आकडा हा माहिती म्हणून शून्य किमतीचा आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

व्होल्टेजचेही तसेच आहे. दाबविद्युत तबकडीला दुप्पट व्होल्टेज मिळाले की सुमारे सहा डेसिबलची वाढ होते, त्यामुळे तीन ते चोवीस व्होल्ट असा पल्ला लिहिलेल्या बझरची कीर्ती बारा व्होल्टवरची आणि वापर पाच व्होल्टवरचा असेल, तर निराशा ठरलेलीच. एकाऐवजी दोन सारखे बझर लावले तर भर पडते ती साधारण तीन डेसिबलची, आणि आवाज दुप्पट मोठा भासण्यासाठी मात्र सुमारे दहा डेसिबलची वाढ लागते. अधिक बझर जोडण्याचा उपाय म्हणूनच महाग पडतो.

२००५ मध्ये इटलीत जन्मलेल्या आर्डुइनो या छोट्या संगणकीय पाटीमुळे छंदाची पुढची पिढी घडली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली होती, आणि २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेने असे साहित्य शाळांपर्यंत नेले. या साहित्यातला बझर दोन जातींचा असतो. ‘अॅक्टिव्ह’ बझरमध्ये लहर निर्माण करणारे मंडल आतच असते व त्याला केवळ वीज पुरते; ‘पॅसिव्ह’ बझरला लहर बाहेरून पुरवावी लागते. पहिल्याची तुलना दुसऱ्याशी करताना दुसऱ्याला त्याची संस्पंदनाची वारंवारता न दिल्यास निकाल आधीच ठरलेला असतो. चुंबकीय बझर तीस मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, तर आर्डुइनो उनोच्या पायाकडून वीसच्या आत प्रवाह घेणे शहाणपणाचे. त्यामुळे थेट पायाला जोडलेला बझर दबून वाजतो आणि दोष बझरला दिला जातो. मध्ये बीसी ५४७ सारखा स्वस्त ट्रान्झिस्टर घातला की तोच बझर खुला होतो. नव्या बझरच्या तोंडावर चिकटवलेली कागदी चकती, जी फक्त पाटी धुताना आत पाणी जाऊ नये म्हणून असते आणि नंतर काढायची असते, ती एका बझरवर ठेवून आणि दुसऱ्यावरून काढून केलेल्या तुलनाही काही कमी नाहीत.

आवाज मोजण्याचे साधन स्मार्टफोनमुळे प्रत्येकाच्या हाती आले, तरी मोजण्याची जागा हा प्रश्न राहिलाच. चार हजार हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास असते. खोलीत भिंतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळून कुठे आवाज वाढवतात, कुठे विझवतात, आणि ही उंच-सखल ठिकाणे एकमेकांपासून दोन-अडीच सेंटिमीटरवर असू शकतात. फोन बोटभर सरकवला की निकाल पालटतो तो यामुळे. प्रयोगशाळांनी यासाठी प्रतिध्वनीविरहित खोल्या बांधल्या. पीक निघाल्यानंतरचे मोकळे, नांगरलेले शिवार हा त्या खोलीला बऱ्यापैकी बिनखर्ची पर्याय आहे, आणि या बाबतीत तुकईथडचा हौशी कार्यकर्ता पुण्या-मुंबईच्या सदनिकेतल्या हौशापेक्षा सुस्थितीत आहे. मात्र वेळ पाळावी लागते. उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीलगतची हवा तापलेली असल्याने आवाज वरच्या बाजूस वळतो आणि लवकर विरतो. रात्री जमीन निवल्यावर तो खालच्या बाजूस वळून दूरवर पोहोचतो. पावसाळ्यात रातकिडे ज्या वारंवारतांत किरकिरतात त्यांतल्या पुष्कळशा बझरच्याच पट्ट्यातल्या असतात, त्यामुळे मे महिन्यात शेताच्या बांधापर्यंत ऐकू आलेला बझर ऑगस्टमध्ये केळीच्या बागेपलीकडे पोहोचेलच असे नाही.

आणखी एक बाजू बझरच्या तक्त्यांत कधीच छापली जात नाही, ती म्हणजे ऐकणाऱ्याचा कान. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखांवरून दिसते, की मानवी कान तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि बझर त्याच पट्ट्यात बनवण्यामागे हेही एक कारण आहे. हे निष्कर्ष निरोगी कानांचे आहेत. सततच्या गोंगाटाने येणारे बहिरेपण सुरू होते ते नेमके चार हजार हर्ट्झच्या आसपास, आणि वयोमानाने ऐकू येणे कमी होते तेही उंच सुरांपासून. बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे शहर आहे. मागांच्या खडखडाटात, डिझेल इंजिनाशेजारी किंवा मळणीयंत्रावर आयुष्य घालवलेल्या माणसाचा कान जिथे आधी अधू होतो तिथेच दाबविद्युत बझर आपली सगळी ताकद खर्च करतो. मापकावर पंच्याण्णव डेसिबल दाखवणारा बझर अशा माणसाला साध्या दारघंटेपेक्षा मंद वाटू शकतो, आणि त्यात ना मापकाची चूक असते ना त्या माणसाची. ऑस्ट्रेलियातील डोरोथी ब्रक आणि इयान थॉमस यांच्या झोपलेल्या माणसांवरील प्रयोगांत ५२० हर्ट्झची चौकोनी लहर, म्हणजे मूळ सुरासोबत त्याचे अनेक उपसूर घेऊन येणारा ठसठशीत आवाज, नेहमीच्या तीन हजार हर्ट्झच्या चिरक्या अलार्मपेक्षा अधिक परिणामकारक ठरली, आणि अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या संहितेने २०१४ पासून व्यावसायिक निवासांतील झोपण्याच्या खोल्यांसाठी असा सखल सूर आवश्यक केला. शिवाय तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा एकच सूर कोणत्या दिशेने येतो हे ओळखणे कानाला फार कठीण जाते. शेजारी-शेजारी पंपांचे तीन स्टार्टर असतील तर वाजला कोणाचा, हे हाक मारून विचारावे लागते.

आवाज वाढवण्यालाही मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि तीन फेजची वीज पुष्कळदा याच वेळेत येते. विहिरीवर ११० डेसिबलचा भोंगा बसवून अख्ख्या वस्तीला जागे करण्यापेक्षा वीज आल्याचा संकेत तारेने किंवा मोबाइलच्या मिस्ड कॉलने घरात आणणे आणि तिथे उशाशी लहान साधन वाजवणे हे स्वस्त आणि शेजारधर्माला धरूनही आहे.

तेव्हा बझरची तुलना करणाऱ्याने दोन्ही बझर एकाच व्होल्टेजवर, प्रत्येकाला त्याची योग्य वारंवारता देऊन, तोंडावरची चकती काढून, उघड्या जागी एकाच उंचीवर ठेवावेत, एक मीटर अंतर टेपने मोजावे आणि त्यानंतर ज्याच्यासाठी ते लावायचे आहेत त्या माणसाला पन्नास पावलांवर पाठमोरे उभे करून विचारावे. या कसोटीवर तरुण कानांसाठी बारा व्होल्टवरचा, डबीत बसवलेला दाबविद्युत बझर बहुतेक वेळा सरस ठरेल. वयस्क किंवा मागावर काम केलेल्या माणसासाठी मात्र ५५५ टायमर, एक ट्रान्झिस्टर आणि जुन्या रेडिओचा स्पीकर ही १९७० च्या दशकातली जुळणीच आजही अधिक चांगली आहे.